माझ्या वाटणीची खडी

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "गयाबाई, तुम्ही एवढी वर्षं टॉकीजमध्ये काढलीत. नटनट्यांच्या आठवणी लिहा की." मी म्हणलं, "सर, नटनट्या मी तुमच्यासारख्याच पडद्यावर पाहिल्या, अन् त्याबी अर्ध्या. मला माहीत हायेत त्या पिच्चर बघायला येणाऱ्या बायका." सरांचं तोंड जरा उतरलं. मग म्हणाले, बरं, तेच लिहा. म्हणून लिहिते. ज्यांना नटनट्या पाहिजेत त्यांनी पान उलटावं, माझा काही राग नाही.

लातूरच्या एका टॉकीजमध्ये मी जनान्याच्या दारावर डोअरकीपर होते. जनाना म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण माझ्या नातीलासुद्धा ठाऊक नाही. आमच्याकडं निजामाच्या काळापासून टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी. मध्ये लाकडी कठडा, आणि दार बाजूच्या बोळीत. गडी माणसानं त्या दारात पाय ठेवायचा नाही. तिकीट अर्धं फाडायचं, बॅटरीच्या उजेडात बाईला जागा दाखवायची, पोर रडलं की उचलून बोळीत आणायचं आणि गड्यांना अडवायचं, हे माझं काम. गडी तर काय एकेक बहाणे करायचे! "माझ्या बायकोकडं किल्ली राहिली." मी म्हणायची, "नाव सांगा, मी मागून आणते." मग बायकोचं नाव आठवायचं नाही.

लोकांना वाटतं, टॉकीजमधल्या माणसाची मजा, रोज फुकट पिच्चर. कशाची मजा! सुरुवात मला कधी दिसलीच नाही. चूल आवरून, सासूला जेवू घालून, पोराला थापटून बायका निघायच्या, त्या अर्धा तास येतच राहायच्या. शेवटही दिसायचा नाही, कारण शेवटाच्या आधी दार उघडून उभं राहावं लागायचं. मधला मधला पिच्चर रोज थोडा थोडा बघायचा आणि वाकळीला ठिगळं जोडावीत तसा आठवडाभरात जुळवायचा.

पण पिच्चर बरा की वाईट हे कळायला पडद्याकडं बघावं लागतच नाही. बायका आत आल्या की चपला काढून पाय वर घेऊन बसायच्या. पिच्चरनं धरून ठेवलं तर शेवटपर्यंत पाय वरच. नाही धरलं, की मध्यंतरानंतर अंधारात पायानं चपला चाचपडायचा आवाज सुरू व्हायचा. एकीनं सुरू केलं की दुसरी, मग तिसरी. तो आवाज आला की मी समजायची, हा काही पुढचा शुक्रवार बघत नाही. मॅनेजर बाबुराव तिकिटं मोजून जे दोन दिवसांनी सांगायचे, ते मी चपला ऐकून पहिल्याच खेळाला सांगायची. त्यांना ते आवडायचं नाही ते सोडा.

बोळीत रांगेत उभ्या बायका मला विचारायच्या, "गयाबाई, कसाय पिच्चर?" माझी मोजायची रीत पदराची होती. एक पदर म्हणजे डोळ्याला पाणी येतं. दोन पदर म्हणजे शेजारणीचाही घ्यावा लागतो. "आज पोरं घिऊन बसा, लई संथ हाय, गाढ झोपतील." "मारामारीचा हाय माय, नवऱ्याला पाठवा आन् तुमी घरी निवांत पडा." एकदा एकीला म्हणलं, "सासूला घिऊन आलीस? परत जा. ह्या पिच्चरमधली सून लई उलट बोलती, उद्या तुला भोगावं लागंल." ती हसली आणि सासूला घेऊन आतच गेली. सासूला पिच्चर आवडला म्हणे.

हे मत द्यायचं काम पगारात नव्हतं. ते मला लागलं सडकेवर.

बहात्तरच्या दुष्काळात मी वीस-एकवीस वर्षांची होते. आमचं गाव निलंग्याकडचं. विहिरींचे तळ दिसायला लागले तेव्हा सडकेचं काम निघालं आणि घरोघरच्या बाया खडी फोडायला बसल्या. बसल्या म्हणते ते ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. दोन पायांच्या मध्ये मोठा दगड, त्याच्यावर फोडायचा धोंडा, हातात बारक्या दांड्याची हातोडी. बोटं वाचावीत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे. तरी माझं एक बोट गेलंच, आजही वाकडं आहे. दुपारी भाजलेल्या पिठाची गोड सुकडी मिळायची. संध्याकाळी मुकादम लाकडी चौकट घेऊन प्रत्येकीचा ढीग मोजायचा. ढीग भरला तर हजेरी.

आमची अकरा बायकांची टोळी होती. माझा भाऊ लातूरला हमाली करायचा. एकदा बाजाराला गेले तर त्यानं मला पिच्चर दाखवला. दुसऱ्या दिवशी खडी फोडता फोडता मी तो बायकांना सांगितला. हात कामात, कान मोकळे. गाण्याच्या जागी गाणं म्हणलं, भांडणाच्या जागी भांडले. तीन दिवस पुरला. चौथ्या दिवशी सांगायला काही उरलं नाही तेव्हा राही म्हणाली, "गये, दुसरा कोणता लागलाय? तू जा, बघून ये. तुझ्या वाटणीची खडी आमी फोडताव."

राही माझ्या शेजारी बसायची. माझ्याच वयाची, पण जीभ माझ्याहून तिखट. तिनं म्हणलं की टोळीनं ऐकलं. मग दर बाजारी मी लातूरला जायची आणि दहा जणी माझा ढीग भरून ठेवायच्या. मुकादमानं विचारलं तर, "आत्ताच झाडामागं गेली," असं सांगायच्या. दिवसभर एक बाई झाडामागं कशी राहते हे त्या बिचाऱ्यानं कधी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात राहीचं दहा महिन्यांचं पोरगं हगवणीनं गेलं. मातीला जाऊन आल्यावर चौथ्या दिवशी ती हातोडी घेऊन जागेवर हजर. कुणाशी बोलेना. त्याच आठवड्यात मी जो पिच्चर बघून आले त्यात एक बाई आणि तिचं लहान पोर होतं. शेवटाला ते पोर आईच्या मांडीवर जीव सोडतं. मी येताना वाटभर रडले. सकाळी सांगायला बसले. पोर आजारी पडलं इथपर्यंत आले आणि पाहिलं, तर राहीची हातोडी हळू झालेली. माझी जीभ वळेना. मी सांगून टाकलं, "मग वैद्य आला, त्यानं दवा दिली, आन् पोरगं उठून बसलं."

राहीनं मान वर केली. "वाचलं?"

"वाचलं."

किती दिवसांनी ती हसली. मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं.

पुढच्या बाजारी राही कुणाला न सांगता जावेला घेऊन तोच पिच्चर बघून आली. सकाळी जागेवर बसली, बोटांना ट्यूब गुंडाळली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "गये, तुझ्या वाटणीची खडी मी फोडली. ह्या हातानं. आन् तू मला खोटं सांगितलंस?"

मी म्हणलं, "तुला बरं वाटावं म्हणून गं."

"बरं वाटायला न्हाई पाठवलं तुला. बघायला पाठवलं. पोर मरतंय म्हणली असतीस तर मी गेले नसते. न्हाईतर मन घट करून गेले असते. तितं अंधारात माझं पोर दुसऱ्यांदा मेलं, गये."

आमच्या बापानं दीक्षा घेतलेली. मी फ्रॉकात होते तेव्हापासून पंचशील तोंडपाठ, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. रोज म्हणायची आणि ऐन वेळेला विसरले. सडक पुरी होईपर्यंत राही माझ्याशी बोलली नाही. बाकीच्या नऊ जणी माझी खडी फोडत राहिल्या, पण राहीनं पुन्हा एक दगड माझ्या ढिगात टाकला नाही. त्या दिवसापासून पिच्चरबद्दल मी कुणाला खोटं बोलले नाही. आईला नाही, मालकाला नाही.

नोकरी लागली तीही ह्याच्यामुळंच. दर बाजारानंतर सडकेवरच्या बाया पिच्चरला कशा येतात ह्याचं बाबुरावांना नवल वाटायचं. चौकशी केली तर माझं नाव निघालं. जनान्यावरची जुनी बाई लेकीकडं निघून गेली होती. बाबुरावांनी भावामार्फत मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझं तोंड चांगलं चालतंय म्हणं. दारावर उभी राहा." हे वाक्य मी जपून ठेवलं.

आता माझी चूकही सांगते, नाहीतर म्हणाल बाई फारच शहाणी. एकदा एक पिच्चर लागला होता. म्हातारा मास्तर, रिकामी शाळा, बोलणं कमी, गाणं एकच. मी मधले मधले तुकडे बघितले आणि बोळीत सांगितलं, "झोपेचं औषध हाय." जनाना रिकामा पडला, चौथ्या दिवशी रिळांची पेटी परत गेली. पुढं महिन्याभरानं नांदेडला बहिणीकडं गेले, तिथं तोच पिच्चर लागलेला. बहीण ओढून घेऊन गेली. मी गिऱ्हाईक म्हणून बसले आणि पहिल्यांदा त्याची सुरुवात पाहिली. सुरुवातीला त्या मास्तरच्या शाळेत पोरं होती हो! भरलेली शाळा पाहिल्याशिवाय रिकामी शाळा कशी कळणार? मी दोन पदर भिजवले. परत आल्यावर बोळीत उभं राहून बायकांना सांगितलं, "मास्तरच्या पिच्चरबद्दल मी चुकले. कुठं लागला तर बघा." पण तो आमच्याकडं फिरून आला नाही. त्याची चुटपुट अजून आहे. तेव्हापासून मी ऑपरेटर हमीदमामूंच्या मागं लागले, की सकाळी पेटी तपासायला ट्रायल चालवता तेव्हा मला बसू द्या. मामू म्हणाले, "बैठो ना बाई, कौन रोकता तुमको."

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून गल्लोगल्ली कमानी, गुलाल, पेढे. पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी झाली. नवे साहेब आले, त्यांची बिऱ्हाडं आली. त्याच सुमाराला आमच्याकडं दुष्काळावरचा पिच्चर लागणार होता. पोस्टरवर भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर घमेलं घेतलेली बाई. टॉकीजचे मालक शेटजी, त्यांनी ठरवलं, पहिल्या खेळाला साहेब लोकांच्या घरच्या बायकांना बोलवायचं. दाराला झेंडूची माळ लागली. मला नवं लुगडं मिळालं.

खरं सांगते, मीच सगळ्यांत खूश होते. आमची सडक पडद्यावर येणार! सकाळी ट्रायलला पुढच्या बाकावर जाऊन बसले.

त्या पिच्चरमधली बाई उभी राहून खडी फोडत होती. उभी! मोठा घण घेऊन, वाकून, केस मोकळे सोडून. बोटाला ट्यूब नाही, नखं रंगवलेली. बरं, पिच्चर आहे, एवढं चालायचं म्हणून मी बघत राहिले. पण पुढं ढीग कमी मोजला म्हणून सगळ्या बाया रडत साहेबाच्या पायावर पडतात. साहेब एकेकीला उठवतो, हजेरी देतो, आणि त्या त्याची आरती ओवाळतात. मी उठून उभी राहिले. आमच्या सडकेवर मुकादमानं ढीग कमी मोजला होता तेव्हा आम्ही अकरा जणी आपापल्या ढिगावर जाऊन बसलो होतो. उन्हात, सुकडी न खाता. राही म्हणाली होती, "नीट मोज, न्हाईतर आमालाबी खडीत धरून मोज." दुसऱ्यांदा मोजला तेव्हा उठलो. पायावर कुणी पडलं नव्हतं.

मामूंनी वरच्या खिडकीतून विचारलं, "बाई, ये तुम्हारा अकाल है क्या?"

"न्हाई मामू. दुसऱ्या कुणाचा तरी हाय."

बाबुरावांनी ते ऐकलं. खाली आले आणि बोट उगारून म्हणाले, "आज एक शब्द बोलायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, फार छान आहे."

"गप बसते की. पण विचारलं तर खरं सांगते."

"नोकरी प्यारी आहे ना?"

"लई प्यारी हाय," मी म्हणलं. ते खोटं नव्हतं. नवरा डाळ मिलमध्ये होता, मिल वर्षातले चार महिने बंद. दोन्ही पोरं माझ्या पगारावर शाळेत जात होती.

दुपारी बोळीत मोटारी आल्या. बाबुराव गजऱ्यांचं ताट घेऊन माझ्या मागं. पुढं आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. हसून म्हणाल्या, "तुम्हीच का गयाबाई? आमच्याकडं काम करणाऱ्या मावशी सांगत होत्या, तुम्हाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. कसा आहे सिनेमा?"

मागून बाबुराव खाकरले. मला सडक आठवली.

"मॅडम, गाणी गोड हायेत. पण दुष्काळ खोटा हाय. उभ्यानं कुणी खडी फोडत नसतं, आमी बसून फोडली. आन् आमी कुणाच्या पायावर पडलो न्हाई. आमचं मोजमाप आमी भांडून नीट करून घेतलं."

मॅडमनी माझ्या वाकड्या बोटाकडं पाहिलं, "अस्सं का," म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन जणी मात्र तिथूनच माघारी फिरल्या.

खेळ सुटल्यावर बाबुराव म्हणाले, "बॅटरी ठेव टेबलावर."

मी म्हणलं, "दहा वर्षांपूर्वी तुमीच म्हणला होतात, तोंड चांगलं चालतंय."

"तेव्हा चालत होतं. आता जिल्हा झालाय, बाई."

घरी गेले तर नवरा म्हणाला, "दोन शब्द गोड बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?" मग त्यानं पोरांची दप्तरं उचलून खुंटीला अडकवली. मला ते जास्त लागलं. मी रडले, नाही म्हणत नाही. पण सकाळी एक पोतं घेतलं आणि बोळीच्या तोंडाशी, शेंगदाणेवालीच्या बाजूला लिंबाखाली अंथरून बसले. बोळ काही टॉकीजच्या मालकीची नव्हती. बायका यायच्या, माझ्याकडं बघायच्या, "कसाय?" विचारायच्या. मी सांगायची. दारावर बाबुरावांनी त्यांच्या मेव्हण्याला उभं केलं होतं. जनान्यावर गडी! निम्म्या बायका त्याला बघूनच परत जायच्या.

रविवारी तीनच्या खेळाच्या आधी एसटी स्टँडाकडून सात-आठ बायका आल्या. पुढची माझ्यासमोर येऊन थांबली. तिशीतच केस पिकलेले, पण नाकाचा ताठा तोच. राही. दहा वर्षांत ती एकदाही ह्या टॉकीजला आली नव्हती.

"गये, दुष्काळाचा पिच्चर लागलाय म्हणं. आपला."

"आपला न्हाई, राही. खोटा हाय. जाऊ नको."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "ते तू सांगितलंस. आता मला बघू दे." आणि सगळ्यांना घेऊन आत गेली.

मी पोत्यावर बसून राहिले. मास्तरच्या पिच्चरला चुकले होते, तशी पुन्हा चुकले असेन तर? राहीला आवडला तर? पोरांच्या तोंडचा घास मी कशासाठी घालवला मग? मध्यंतराची घंटा झाली. एकही बाई बाहेर आली नाही. शेंगदाणेवाली म्हणाली, "रंगलेल्या दिसतात."

मग आतून चपलांचा आवाज आला. चाचपडायचा नाही, चालायचा. दार आतूनच उघडलं. पुढं राही, मागं तिच्या गावच्या, आणि त्यांच्या मागं शहरातल्याही दहा-पंधरा. मेव्हणा ओरडला, "आवो बाई, पिच्चर बाकी हाय अजून!"

"मग तू बघ की बसून," राही म्हणाली.

बाबुराव धावत आले. "काय झालं? काय अडचण आहे?"

"अडचण?" राही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उभ्यानं खडी फोडती ती सटवी! आन् आमाला पाया पडाया लावलंय. तुमच्या घरात कुणी फोडली का हो खडी? आत बाया सांगत होत्या, ह्या बाईनं आदीच सांगितलं म्हणून. मग तवाच ऐकायचं होतं."

राही माझ्याजवळ आली, पोत्यावर टेकली आणि माझा हात हातात घेतला. वाकड्या बोटावरून अंगठा फिरवत राहिली.

"गये," ती म्हणाली, "फिटली तुझ्या वाटणीची खडी."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. ती मला थोपटत होती आणि पिच्चरमधली एकेक चूक काढून सांगत होती. बाबुराव आत जाऊन आले आणि माझ्यासमोर बॅटरी धरून उभे राहिले. सहाचा खेळ तोंडावर आला होता, बोळीत बायका जमायला लागल्या होत्या.

"चला बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दारावर चला."

मी डोळे पुसले. "जरा दम धरा, बाबुराव," मी म्हणलं. "राही पिच्चर सांगायलीय."